केबल टेबलावरून छतावर: ठाणे-नवी मुंबईतलं ऑफिस वायफायवर कसं न्यावं

वागळे इस्टेटमधला गाळा असो, महाप्याचं बिझनेस पार्क असो, नाहीतर वाशी स्टेशनच्या डोक्यावरचं ऑफिस, हा विषय बहुतेक ठिकाणी मालकाच्या एकाच वाक्याने सुरू होतो: "एक चांगला राउटर आणा आणि ही वायरींची भानगड एकदाची काढून टाका." राउटर येतो, रिसेप्शनच्या मागे लागतो, पहिले चार दिवस सगळे खूश असतात. मग अकाउंट्सवाल्यांचं टॅली मधेच बंद पडू लागतं, कॉन्फरन्स रूममध्ये समोरच्याचा चेहरा गोठतो, आणि महिन्याभरात लोक गुपचूप जुन्या केबल पुन्हा लॅपटॉपला खोचतात.

वायफायवर गेल्याने केबल संपत नाही. टेबलाखालची केबल निघते आणि छतावर जाते, एवढाच फरक. पंचवीस टेबलांपर्यंत पंचवीस केबल जात होत्या, आता छतावरच्या तीन-चार अ‍ॅक्सेस पॉइंटपर्यंत (वायफायचा सिग्नल देणारे डबे) तीन-चार जातील. पण त्या तीन-चार आधीच्या पंचवीसपेक्षा जास्त नीट टाकाव्या लागतील, कारण आता एक केबल खराब झाली की एक माणूस नाही, आठ माणसं थांबतात. खर्च करायचाच तर डब्यापेक्षा केबल, जागा आणि मोजमापावर करा, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं सगळं त्याच अंगाने लिहिलंय.

उदाहरणासाठी एक ऑफिस धरून चालू: वागळे इस्टेटमध्ये दुसरा मजला, साधारण अठराशे चौरस फूट, पंचवीस माणसं, दोन काचेच्या केबिन, एक कॉन्फरन्स रूम, आणि मागच्या बाजूला अकाउंट्स, ज्याच्या पुढ्यात फायलींची लोखंडी कपाटं भिंतीसारखी उभी आहेत.

आधी यादी: वायरवर कोण राहणार

पहिलं काम कागदावर करायचं. ऑफिसात नेटवर्कला लागलेलं जे जे काही आहे ते सगळं लिहून काढा. हजेरीचं बायोमेट्रिक मशीन आणि पॅन्ट्रीतल्या टीव्हीपर्यंत. मग प्रत्येकासमोर एकच प्रश्न: ही वस्तू जागेवरून हलते का?

जी हलत नाही ती वायरवरच ठेवा. सर्व्हर, बॅकअपचा स्टोरेज बॉक्स, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि कॅमेरे, नेटवर्क प्रिंटर, कॉन्फरन्स रूमचा व्हिडिओ कॉलचा सेट, डिझाइनवाल्यांचे डेस्कटॉप. कॅमेरा दिवसरात्र सतत डेटा फेकत असतो; असे आठ कॅमेरे वायफायवर टाकले की माणसांसाठी हवेत जागाच उरत नाही.

टॅलीबद्दल वेगळं सांगतो, कारण आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. टॅलीचा डेटा एका मशीनच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आणि बाकीचे तिघे तोच डेटा नेटवर्कवरून उघडतात, अशी मांडणी असेल तर डेटाचं मशीन आणि ते तिघे, चौघंही वायरवर राहू द्या. वेबपेज मधेच तुटलं तर पुन्हा लोड होतं. व्हाउचर सेव्ह होताना उघडी फाइल तुटली तर ती खराब होऊ शकते. क्लाउडवर किंवा रिमोट डेस्कटॉपवर टॅली चालवत असाल तर ही अडचण नाही, कारण डेटा तिकडेच असतो, इकडे फक्त पडदा दिसतो.

उरले लॅपटॉप, फोन, टॅब, गोडाउनमधले हातातले स्कॅनर. वायफाय यांच्यासाठी. आपल्या उदाहरणात पंचवीस माणसांचे लॅपटॉप आणि फोन मिळून पन्नास उपकरणं धरा, पाहुणे वेगळे.

इंटरनेट लाइन तपासा, मग वायफायला नावं ठेवा

वायफायने इंटरनेटचा वेग वाढत नाही. त्यामुळे काही विकत घेण्याआधी एक लॅपटॉप थेट प्रोव्हायडरच्या डब्याला केबलने जोडा आणि सकाळी अकराच्या गर्दीत आणि संध्याकाळी असं दोनदा वेग मोजा. अपलोडचा आकडा विशेष बघा. एचडी व्हिडिओ कॉलला प्रत्येकी साधारण तीन ते चार एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) जाताना आणि तेवढेच येताना लागतात. दहा जण एकदम कॉलवर असतील तर चाळीस एमबीपीएस अपलोड फक्त त्यातच गेला. लाइनच तोकडी असेल तर आधी प्लॅन बदला.

याच टप्प्यावर दुसरी लाइन घ्यायचा विचार करा, पण दुसऱ्या प्रोव्हायडरची आणि शक्यतो वेगळ्या वाटेने येणारी. दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत असतील तर रस्ता खोदणाऱ्याचा एकच फटका दोन्ही घेऊन जातो. आपल्याकडे रस्ता खोदणारा कधी येईल याचा नेम नाही.

जुन्या केबलची परीक्षा

छतावर जाण्याआधी आहे त्या केबल वापरता येतात का ते बघा. कॅट-५ई आणि कॅट-६ या दोन्ही प्रकारच्या नेटवर्क केबलवर शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, व्यवस्थित चालतं, त्यामुळे "साहेब, सगळं नवीन टाकावं लागेल" हे लगेच मान्य करू नका.

परीक्षा सोपी आहे. लॅपटॉप केबलला लावा आणि नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. स्विच (सगळ्या केबल एकत्र जोडणारा डबा) आणि लॅपटॉप दोन्ही गिगाबिटचे असताना १००० दिसायला हवं. १०० दिसत असेल तर बहुधा केबलच्या आतल्या आठ तारांपैकी सगळ्या जोडलेल्या नाहीत. शंभर एमबीपीएसला नारिंगी आणि हिरव्या अशा दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला निळी आणि तपकिरीही लागते. जुन्या ऑफिसांत एक खास जुगाड सापडतो: एकाच केबलच्या चार तारा एका पीसीला, उरलेल्या चार शेजारच्या पीसीला. तेव्हा केबलचे पैसे वाचले, आज ती केबल अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी कामाची नाही. भिंतीवरचा आयओ बॉक्स (केबलचं सॉकेट) उघडून बघितलं की लगेच दिसतं.

दुसरी गोष्ट धातूची. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असते. टोकाची तार ब्लेडने जरा खरवडा. आतून पांढरट निघाली तर अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅक्सेस पॉइंटला वीजही याच केबलमधून द्यायची असते, आणि अशा तारेत लांब अंतरावर व्होल्टेज पडतं, तार गरम होते. नवी केबल घेताना बिलावर शुद्ध तांबं असल्याचं लिहून घ्या.

छताखाली फिरून मोजमाप

हा भाग सगळ्यात जास्त टाळला जातो आणि सगळं यश यावरच असतं. व्हेंडर येतो, दारात उभा राहतो, मान वर करून एकदा बघतो आणि म्हणतो, "साहेब, लाँग रेंजवाला एक लावतो, पूर्ण ऑफिस कव्हर." त्याला शांतपणे सांगा, "दादा, आधी एक तात्पुरता लावून फिरून बघू, मग आकडा ठरवू." तयार नसेल तर दुसरा व्हेंडर बघा.

कृती अशी. जो मॉडेल घ्यायचा विचार आहे त्यातला एकच मागवा. लांब पॅच कॉर्ड (तयार टोकांची नेटवर्क केबल) लावून शिडीवर किंवा उंच स्टँडवर छताच्या पातळीला धरा. त्याचं नाव सगळ्यांपेक्षा वेगळं ठेवा, म्हणजे गोंधळ नको. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर (सिग्नल मोजणारं अ‍ॅप) घ्या आणि प्रत्येक टेबलाजवळ खुर्चीवर बसून, उभं राहून नाही, ५ गिगाहर्ट्झच्या सिग्नलचा आकडा लिहून घ्या. हा आकडा उणे असतो. शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. उणे ५० ते ६० म्हणजे उत्तम. कॉल आणि व्हिडिओसाठी उणे ६७ ही शेवटची मर्यादा धरा. उणे ७० नंतर रडारड सुरू, उणे ७५ ला तुटतंच.

आपल्या उदाहरणातल्या ऑफिसात मधल्या हॉलमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट धरला तर समोरच्या टेबलांवर उणे ५२, काचेच्या केबिनमध्ये दार लावून उणे ६० असं काहीसं येईल. आणि मग अकाउंट्स. कपाटांच्या अलीकडे उणे ६२, दोन पावलं टाकून कपाटांच्या पलीकडे बसलं की उणे ७४. अंतर तेवढंच, मधे फक्त फायलींनी भरलेलं लोखंड. सिग्नल फुटांत मोजू नका असं म्हणतात ते यासाठी. मधे काय आहे ते मोजा. जिप्समचं पार्टिशन फारसं खात नाही, नऊ इंची विटांची भिंत बरंच खाते, आरसीसीचा कॉलम आणि लिफ्टची भिंत तर जवळजवळ सगळं. उन्हासाठी काचेवर चिकटवलेली चकचकीत फिल्म धातूची असेल तर तीही आडवी येते.

मोजताना दारं बंद ठेवा, कपाटं जागेवर असू द्या आणि शक्य तर कामाच्या दिवशी मोजा. रिकाम्या ऑफिसातलं मोजमाप फसवं असतं. माणसाच्या अंगात पाणी असतं आणि पाणी सिग्नल शोषतं.

त्याच अ‍ॅपमध्ये शेजाऱ्यांची नेटवर्कं किती ते बघा. गाळ्यांच्या इमारतीत वरखाली, डावीउजवीकडे सगळ्यांची मिळून २.४ गिगाहर्ट्झवर तीस-चाळीस नावं सहज दिसतात. त्या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारी चॅनेल, म्हणजे पट्ट्यातल्या मार्गिका, तीनच, १, ६ आणि ११. पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, म्हणजे दुपारी एक ते दोन या पट्ट्याची आणखी दैना. म्हणून सगळा हिशेब ५ गिगाहर्ट्झवर करा.

किती आणि कुठे

डब्यावर शंभर-दोनशे उपकरणं लिहिलेली असतात. ते विसरा. एका अ‍ॅक्सेस पॉइंटवर पंचवीस-तीस जण खरोखर काम करत असतील तर तो भरला असं समजा. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच बोलू शकतो, बाकीचे थांबतात. लांबचं किंवा जुनं उपकरण हळू बोलतं आणि तेवढा वेळ सगळ्यांचा खातं. गायमुख घाटात एक ट्रक रखडला की मागच्या नव्या गाड्याही त्याच वेगाने चालतात, तसंच.

आपल्या ऑफिसला तीन पुरतील: हॉलमध्ये एक, कॉन्फरन्स रूम आणि केबिनांच्या मधे एक, कपाटांच्या पलीकडे अकाउंट्समध्ये एक. चौथ्याची केबल मात्र आत्ताच टाकून ठेवा. फॉल्स सीलिंग पुन्हा उघडायला लावणं हे केबलपेक्षा महाग पडतं.

जागा निवडताना: माणसं बसतात त्या खोलीत, त्यांच्या डोक्यावर. पॅसेजमध्ये नको, तिथे कुणी बसत नाही आणि प्रत्येक खोलीची भिंत मधे येते. फॉल्स सीलिंगच्या वर लपवू नका. इंटिरियरवाला आग्रह धरेल, पण वर एसीचा पत्र्याचा डक्ट आणि सीलिंगच्या धातूच्या पट्ट्यांची जाळी असते. छतासाठी बनवलेला गोल अ‍ॅक्सेस पॉइंट भिंतीवर उभा लावू नका, त्याचा सिग्नल खाली पसरावा अशी त्याची रचना असते. आणि लोखंडी रॅकच्या आत तर कधीच नको. हे इतकं उघड आहे की लिहायची लाज वाटते, पण दिसतं रोज.

रबाळे, तुर्भे पट्ट्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी रॅकच्या गल्ल्या असतील तर प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी, गल्लीच्या दिशेने सिग्नल टाकणारा अँटेना लागतो. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

केबल, वीज आणि पावसाळा

राउटर आणि स्विच ठेवलेल्या रॅकपासून प्रत्येक जागेपर्यंत कॅट-६, पीव्हीसी कंड्युटमधून, विजेच्या वायरपासून वेगळी. शाफ्टमधून किंवा बाहेरच्या भिंतीवरून जायचं असेल तर प्रिमायसेस सोसायटीची लेखी परवानगी आधी. काम अर्ध्यावर थांबण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज देण्यासाठी पीओई स्विच घ्या, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा. घेताना फक्त पोर्ट मोजू नका, एकूण वॅट बघा. ८०२.३एएफ प्रकारात स्विच एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत देतो, ८०२.३एटी प्रकारात ३० वॅटपर्यंत. आठ पोर्टचा स्विच पण एकूण ६० वॅटचाच असेल, तर १५.४ च्या हिशेबाने चार अ‍ॅक्सेस पॉइंटलाच तो ओलांडला. त्यावरच कॅमेरेही लावले की रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागताच काहीतरी बंद पडतं आणि सकाळी सगळं ठीक दिसतं. असा दोष शोधण्यात आठवडे जातात.

पीओईचा खरा फायदा आपल्याकडे पावसाळ्यात कळतो. महावितरणची लाइट गेली तरी स्विच, राउटर आणि फायबरचा डबा असे तिघेही एका यूपीएसवर असतील तर छतावरचं सगळं वायफाय चालू राहतं. तिघांपैकी एक जरी साध्या प्लगवर राहिला तर यूपीएस शोभेचा.

पावसाचा दुसरा भाग गळतीचा. स्लॅब कुठे ठिबकतो हे ऑफिसबॉयला विचारा, त्याला व्हेंडरपेक्षा जास्त माहीत असतं. बाहेरून आत येणारी केबल भिंतीच्या भोकाआधी खाली झोका देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी झोक्यावरून टपकेल, आत येणार नाही. दोन इमारतींमध्ये जोडणी करायची असेल तर तांब्याची केबल नको, फायबरच टाका. वीज चमकली की तांब्यातून येणारा झटका दोन्हीकडचे स्विच जाळू शकतो.

खरेदी थोडक्यात

वायफाय ६ चे, म्हणजे ८०२.११एएक्सचे अ‍ॅक्सेस पॉइंट या आकाराच्या ऑफिसला पुरेसे आहेत. घरगुती मेश किट घेऊ नका. ते हवेतूनच एकमेकांशी बोलतात आणि जो वेळ माणसांना मिळायचा तो आपसांत खर्च करतात. ओमाडा, युनिफाय, अरुबा इन्स्टंट ऑन यांपैकी काहीही चालेल, अट एवढीच की सगळे एकाच कंपनीचे आणि एकाच कंट्रोलरवर (सगळ्यांची सेटिंग एका जागेवरून करणारी यंत्रणा) असावेत. ब्रँडवरून वाद घालण्यात दुपार घालवू नका. परदेशातून कुणी आणून दिलेला डबा मात्र टाळा: भारतात वायरलेस उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते, आणि बाहेरच्या डब्याची चॅनेल इथल्या नियमांत बसतीलच असं नाही.

सेटिंग: इथे घाई नको

चॅनेल आपोआप निवडू देण्यापेक्षा हाताने द्या. २.४ वर रुंदी २० मेगाहर्ट्झ, ५ वर ४०. डब्यावर १६० लिहिलंय म्हणून १६० लावणं म्हणजे स्वतःच्याच दुसऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पायावर पाय. ४० च्या रुंदीने रडारच्या अटीशिवायची चार चॅनेल मिळतात: ३६, ४४, १४९ आणि १५७ पासून सुरू होणारी. आपल्या तिघांना तीन द्या, चौथं राखीव.

मधली, म्हणजे ५२ ते १४४ ही चॅनेल भारतात २०१८ च्या अधिसूचनेनंतर विनापरवाना वापरता येतात, पण तिथे रडारचा सिग्नल दिसला की अ‍ॅक्सेस पॉइंटला चॅनेल सोडावंच लागतं. सी-बँड प्रकारची हवामान रडारं ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, आणि असं एक रडार मुंबईत वेरावलीला आहे. म्हणून आधी वरची चार वापरा. शेजाऱ्यांमुळे ती भरलीच असतील तर मधली लावा आणि आठवडाभर कंट्रोलरच्या लॉगमध्ये रडारच्या नोंदी येतात का ते बघा.

मग पॉवर. सगळे ती 'हाय'वर ठेवतात आणि तिथेच फसतात. अ‍ॅक्सेस पॉइंट मोठ्याने ओरडतो, फोनला पूर्ण काड्या दिसतात, पण फोनचा स्वतःचा आवाज लहान असतो, तो परत पोहोचत नाही. शिवाय फोन जुन्याच अ‍ॅक्सेस पॉइंटला चिकटून राहतो, डोक्यावरचा दुसरा दिसत असूनही. ५ गिगाहर्ट्झला मध्यम, २.४ ला त्याहून सहा डीबीने (डेसिबल, सिग्नलची ताकद मोजायचं माप) कमी. एखाद्या अ‍ॅक्सेस पॉइंटचा २.४ पूर्ण बंद केला तरी चालतो.

नेटवर्कची नावं तीनच ठेवा: कर्मचारी, पाहुणे, वस्तू. प्रत्येक नावाची घोषणा हवेत सेकंदाला साधारण दहा वेळा होत असते, विभागवार सात नावं काढली तर घोषणांनीच हवा भरते. तिन्हींना वेगळे व्हीलॅन द्या, म्हणजे त्याच तारांवर एकमेकांपासून अलग ठेवलेली नेटवर्कं. पाहुण्यांना फक्त इंटरनेट, ऑफिसातलं काहीही दिसता कामा नये आणि एकमेकांचे फोनही नाहीत. 'वस्तू'मध्ये टीव्ही आणि तत्सम मंडळी. प्रिंटर मात्र कर्मचाऱ्यांच्याच व्हीलॅनमध्ये ठेवा. वेगळा टाकला की फोनवरून आणि अ‍ॅपलच्या मॅकवरून तो शोधून सापडत नाही आणि पहिल्याच दिवशी तुमचा फोन वाजत राहतो.

उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते देणारा, म्हणजे डीएचसीपी, संपूर्ण ऑफिसात एकच हवा. प्रोव्हायडरच्या डब्याचं वायफाय बंद करा आणि कुणी पूर्वी टेबलाखाली लावलेला छोटा राउटर शोधून काढा. तोही पत्ते वाटत बसलेला असतो. एका साध्या नेटवर्कमध्ये २५४ पत्ते असतात. हल्लीचे फोन आपली ओळख बदलून येतात आणि नवा पत्ता घेतात, म्हणून पाहुण्यांच्या पत्त्याची मुदत दोन-चार तासच ठेवा, कर्मचाऱ्यांची दिवसभर.

पासवर्ड आणि सानपाडा

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता, आणि तपास येऊन थांबला तो नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका घरातल्या असुरक्षित वायफायवर. कनेक्शन ज्याच्या नावावर, चौकशी त्याची. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सुरक्षित वायफायबद्दल सूचना काढल्या. पाहुण्यांचं वायफाय उघडं ठेवू द्या म्हणणाऱ्या मालकाला ही गोष्ट सांगावी. घटना आपल्याच गावातली असल्याने लगेच पटते.

कर्मचाऱ्यांसाठी डब्ल्यूपीए३ ही सुरक्षा पद्धत, जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए२ आणि ३ चं मिश्रण. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून जोडायची सोय, बंद. सगळ्यांना एकच पासवर्ड असेल तर कुणी नोकरी सोडली की त्या दिवशी तो बदलायला हवा, आणि खरं सांगायचं तर कुणी बदलत नाही. म्हणून माणसागणिक वेगळा पासवर्ड देता येईल अशी सोय कंट्रोलरमध्ये असेल तर ती वापरा. ऑफिसात आधीच विंडोज सर्व्हर असेल तर रेडियस (लॉगिन तपासणारी सेवा) लावून प्रत्येकाच्या लॉगिननेच वायफाय द्या.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. तेव्हा राउटरचे लॉग बाहेर एखाद्या मशीनवर साठवा आणि सगळ्या उपकरणांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) टाइम सर्व्हरशी जुळवा. घड्याळ चुकलेला लॉग पुरावा म्हणून कुचकामी.

बदलाचा आठवडा

मुख्य राउटर शनिवारी दुपारनंतर बदला, पण त्याआधी शुक्रवारी प्रोव्हायडरला फोन करून दोन गोष्टी लिहून घ्या: लाइनचं युजरनेम-पासवर्ड, आणि त्यांनी जुन्या राउटरचा मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलाय का. बांधलेला असेल तर नवा राउटर लावल्यावर इंटरनेट येणारच नाही आणि शनिवारी रात्री कस्टमर केअरला मॅक बदलून मागत बसावं लागेल. स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) असेल तर तोही नोंदवून घ्या.

सगळं ऑफिस एकदम हलवू नका. आधी एक कोपरा, शक्यतो कुरकुर करणाऱ्यांचा. सेल्सवाले दिवसभर बाहेर असतात, त्यांच्याकडून काही कळणार नाही. पहिल्या आठवड्यात केबल टेबलावरच राहू द्या, फक्त काढून बाजूला ठेवायला सांगा. केबल लागलेली असली की विंडोज आपोआप तीच वापरतं आणि 'वायफाय मस्त चाललंय' असा खोटा निकाल मिळतो.

चाचणी अशी घ्या. एका लॅपटॉपवर राउटरला सतत पिंग (उत्तर किती वेळात येतं ते बघणारी आज्ञा) लावा आणि दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. राउटरचं उत्तर दहा मिलिसेकंदांच्या आत येतंय पण बाहेरचं अडखळतंय, तर दोष लाइनचा. राउटरचंच अडखळतंय, तर दोष हवेतला. ही एक ओळ सगळ्यांना शिकवली तर निम्मी भांडणं मिटतात. मग फोनवर व्हिडिओ कॉल लावून रिसेप्शनपासून अकाउंट्सपर्यंत चालत जा. एखाद्या क्षणाची अडखळ चालेल, कॉल तुटता कामा नये. तुटत असेल तर पॉवर आणखी कमी करून बघा, आणि जलद रोमिंगचा ८०२.११आर पर्याय चालू-बंद दोन्ही करून बघा. काही जुने लॅपटॉप त्याच्याशी जुळवून घेत नाहीत.

डेस्कटॉपला यूएसबी डोंगल लावावाच लागला तर तो मागे यूएसबी ३ च्या पोर्टात, हार्डडिस्कच्या शेजारी खोचू नका. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झवर येतो. छोट्या एक्सटेन्शन वायरवर टेबलावर ठेवा.

महिनाअखेर मधे येऊ द्या. पगाराचं काम, जीएसटीचं रिटर्न, हजेरीचा डेटा ओढणं, सगळे एकदम ऑफिसात; या दिवसांत जे टिकतं ते टिकतं. त्यानंतरच टेबलांखालच्या केबल काढायला घ्या. प्रत्येक केबिनमध्ये आणि चार-पाच टेबलांमागे एक याप्रमाणे चालू केबल लेबल लावून ठेवा. बाकीच्या अर्ध्या कापून फॉल्स सीलिंगवर सोडून देऊ नका, पूर्ण ओढून काढायला लावा, आणि ते कोटेशनमध्येच लिहून घ्या, नाहीतर व्हेंडर हात वर करतो.

व्हेंडरचं शेवटचं बिल देण्याआधी तीन गोष्टी हातात घ्या: कुठली केबल कुठे जाते याचा नकाशा, जो रॅकच्या दाराच्या आत चिकटवायचा, नंतरच्या फिरून केलेल्या मोजमापाचे आकडे, टेबलागणिक, आणि कंट्रोलरचं मुख्य खातं, कंपनीच्या ईमेलवर. हे खातं व्हेंडरच्या स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं असतं, आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) बदलायची वेळ आली की मगच ते लक्षात येतं.